उसून

यादीत दोनशे सात शब्द होते.
पहिल्या दिवशी खुदाइनजरनं अकरा दिले.
बाकीच्यांवरून नुसता हात फिरवला,
घ्यायचं नसलेल्या कापडावरून फिरवतात तसा.
"गालिच्यावर बसून येत नाहीत," तो फारसीत म्हणाला,
"ओले शब्द आहेत ते."

हेरातच्या पूर्वेला, जिथे उन्हाळाभर वारा
माणसाला कूस बदलू देत नाही,
तिथे हा चाळीस वर्षं कारेझ खणत होता.
डोंगराच्या पोटातलं पाणी
भुयारातून वाकत वाकत शेतापर्यंत आणायचं.
पुढे हा, कुदळ घेऊन.
मागे भाऊ अल्लाबर्दी, मातीची चामडी मोट ओढत.
खाली, दिव्यापाशी, दोघं मोगोली बोलायचे.
वर आले की फारसी.
भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली.
भाषा अजून वर आलेली नाही.

माझ्या बोलीत मोगलाई म्हणजे अंदाधुंदी,
कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही.
इथे सगळी मोगलाई एका सतरंजीवर मावते
आणि दारात एकच जोड,
नीट, टाचेला टाच लावून ठेवलेला.

तिसऱ्या दिवशी तो मला कोरड्या विहिरीच्या तोंडाशी घेऊन गेला.
पगडी काढून दगडाखाली ठेवली,
पालथा पडला,
आणि आत हाक मारली, पाण्याला:

उसून.

दोरीला बांधलेला माइक मी आधीच खाली सोडला होता.
विहिरीनं शब्द घेतला, जरा चघळला,
आणि कुरतडून परत दिला:
सून.
ऊन.
न.

हा माझ्याच कानाचा दोष.
वहीत खूण केली: भेसळ माझी, हिशेबात धरू नये.

पण सून होती.
शकीबा. शहरातली. तीस वर्षांपूर्वी आली
आणि घरातली चूल फारसीत पेटू लागली.
शेजारी आवाज खाली करून तेच सांगतात,
तिच्या पायगुणानं गेली भाषा.
ती ऐकते. वेलदोडा ठेचते. थोडा जास्तच ठेचते.

त्या संध्याकाळी एक शब्द अडला.
भुयाराचं छत ढासळू नये म्हणून
भाजक्या मातीची कडी बसवतात,
त्या कड्यांचं नाव.
खुदाइनजरनं हवेत वर्तुळ काढलं.
पुन्हा काढलं.
अल्लाबर्दीला विचारावं तसं जमिनीकडे पाहिलं.
रेकॉर्डरवर चौतीस सेकंद फक्त बकरी आहे.

मग दारातून,
हातातला ट्रे तसाच धरून,
शकीबानं तो शब्द म्हटला.

(तो मी इथे लिहीत नाही.
उसना घेतलाय, माझा नाही.)

म्हाताऱ्यानं मान वर केली नाही.
दातांमागे तो एकदा म्हणून पाहिला,
खडा लागतो का बघावं तसा.
मग तिला काहीतरी विचारलं, आणि ते फारसीत नव्हतं.
ती फारसीत म्हणाली,
"बोलता नाही येत.
दुपारचा नान घेऊन मी विहिरीच्या तोंडाशी बसायचे.
तुम्ही दोघं किती भांडायचात!
खालचं सगळं वर ऐकू येतं, बाबा."

फॉर्मवर रकाना आहे: बोलणारे किती.
एक, मी लिहिलं.
ऐकणाऱ्यांना रकाना नाही.
समासात तिचं नाव लिहिलं आणि तिला दाखवलं.
तिनं ओल्या बोटानं, कागदाला न लावता,
अक्षरांवरची रेघ डावीकडून उजवीकडे दाखवली.
"हे सगळे एकाच दोरीला लटकलेत."
आमच्याकडे असंच लिहितात, मी म्हणालो.

"असं?" ती म्हणाली. चहा पुढे केला.
"आणि वरून दोर कोण धरतं?"